स्टेपनीवरचं नाव

ही गोष्ट मी चार वर्षं कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी डिझेल कुठल्या पंपावर भरलं तेसुद्धा सांगतो.

आधी कामापुरती माहिती देतो. इस्लामपुरात माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. वय बावन्न. कुठलंही काम अंगावर घेतलं की मी आधी यादी करतो आणि मग उठतो. सातारा-सांगलीकडच्या आम्हा दहाबारा जणांकडे एकाच परदेशी कंपनीची गाडी आहे. उंच, चौकोनी, डोंगर चढणारी, महाग. पुढे गोल दिवे आणि मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी. आमचा गट आहे. सहल कुठे, कुणी काय आणायचं, कुणाच्या मागे कुणाची गाडी — हे सगळं माझ्याकडे. मला सेक्रेटरी म्हणतात. थट्टेनं म्हणतात, पण मी एखादी गोष्ट सांगितली की ती कुणी तपासून बघत नाही. इतका माझा शब्द चोख मानला जातो.

गटात दादासो आहे. शिराळ्याकडचा, ऊसरोपांची मोठी नर्सरी आहे त्याची. आम्ही शाळेपासूनचे मित्र. त्याचे वडील ज्ञानूआबा फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले. आम्हा दोघांना गाडी त्यांनीच शिकवली — गाळप संपल्यावर साखर कारखान्याचं आवार रिकामं असायचं, तिथे. क्लच दाबायच्या आधी ते आम्हाला गाडीभोवती एक फेरी मारायला लावायचे आणि स्टेपनीवर थाप मारून हवा बघायला सांगायचे. मी आज जी काही गाडी चालवतो, ती त्या माणसाची शिकवण आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण पुढचं तुम्हाला अजून माहीत नाही.

दादासोनं गाडी घेतली तेव्हा आबा हयात नव्हते. त्यानं काय केलं — शिराळ्यातल्या पेंटरकडून स्टेपनीच्या काळ्या कव्हरवर पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं: हवालदार ज्ञानू, ड्रायव्हर. आमच्याकडे ट्रॅक्टरपासून डंपरपर्यंत सगळ्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच, त्यात नवल काही नाही. पण ह्या गाडीवर? आणि नावापुढे ‘ड्रायव्हर’?

मला ते खटकलं. खरं सांगतो — मला त्याची लाज वाटली.

तेवढ्यात ह्याच गाडीवाल्यांच्या पुण्याच्या गटानं कळवलं की ते कराडला येतात, तिथून सगळे मिळून कोयनेकडे जाऊ. मला फार बरं वाटलं. दोन्ही गटांची पुढची सहल आखायला त्यांनी मलाच घ्यावं, असं मनात होतं. मी सगळ्या गाड्या पाठमोऱ्या उभ्या करून फोटो काढायचं ठरवलं. आणि मग डोळ्यांसमोर ती रांग आली. त्या रांगेत एका स्टेपनीवर ठळक पिवळ्या अक्षरांत ‘ड्रायव्हर’. पुण्याची माणसं काय म्हणतील? आम्हाला काय समजतील?

मी दादासोला फोन केला. म्हणालो, गाडीवर काही लिहिलेलं चालत नाही. नियम आहे.

“कुणाचा?”

“कंपनीचा.”

“बरं,” तो म्हणाला.

असा नियम कुठेही नव्हता. कुणी मला काही सुचवलंही नव्हतं. मला वाटलं होतं, एका दिवसापुरतं तो कव्हर काढून ठेवेल. पण तो फौजी माणसाचा मुलगा. नियम म्हटल्यावर त्यानं रंग काढायचं थिनर आणलं आणि बापाचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. कराडला त्याची गाडी आली तेव्हा कव्हर कोरं होतं, कडेला पिवळट ओघळ. मी तेव्हा बोलू शकलो असतो. बोललो का? मी त्याला रांगेत कुठे उभं राहायचं ते दाखवलं.

आता ऐका. पुण्याच्या एकाच्या स्टेपनीवर त्याच्या कुत्र्याचं चित्र होतं. जीभ बाहेर काढलेलं, रंगीत. सगळे त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढत होते. दादासो बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याजवळ आला.

“ह्येंला न्हाई व्हय रं नियम?”

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “चित्र चालतं. अक्षर चालत नाही.”

पहिलं खोटं लाजेपोटी होतं. हे दुसरं मात्र मी अगदी शांतपणे, जागच्या जागी तयार केलं. तो “असं व्हय” म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. मला पुढची सहल आखायला मिळाली. ती छान झाली. पुढच्याही झाल्या. प्रत्येक सहलीत ते कोरं कव्हर माझ्या पुढे असायचं, म्हणून मी दादासोची गाडी रांगेत माझ्या मागे ठेवू लागलो — रस्ता त्याला माहीत आहे, मागचं टोक तो सांभाळेल, असं कारण देऊन. माझी कारणं नेहमी पटतात.

गेल्या महिन्यात सांगलीजवळ गटातल्या आण्णासोंच्या हळदीच्या गोदामात आम्ही जमलो. कंपनीनं नवी गाडी आणली आहे — गोल दिवे जाऊन बारीक पट्टीसारखे दिवे, आणि स्टेपनी मागच्या दारावरून काढून खाली, पोटात. त्यावरून दुपारभर वाद. आमच्यातल्या कराडच्या हाडांच्या डॉक्टरबाई चिडलेल्या.

“हा चेहरा आहे का?” त्या म्हणाल्या. “झोपेतून उठल्यासारखी दिसते. रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीसारखी.”

“बाई, तुमी पेशंट बघताय का गाडी?” आण्णासो म्हणाले. “स्टेपनी मागं असली की दार उघडायला पैलवान लागतो. बरं झालं गेली ती.”

“मग टेम्पोच घ्यायचा होता, आण्णा.”

सगळे हसले. मग बाई दादासोकडे वळल्या. तुम्ही सांगा, स्टेपनी मागे हवी की नको?

“कोरीच फिरवायची, तर वर असली काय आन् खाली असली काय,” दादासो म्हणाला.

“कोरी का? तुमच्या वडिलांचं नाव होतं की. मला फार आवडायचं ते.”

“कंपनीचा नियम हाय बाई. सेक्रेटरींनी सांगितलाय.”

“असा कुठे नियम आहे?” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. आण्णासोंनीही बघितलं. दादासोनं मात्र बघितलं नाही. तो चहाच्या कपात बघत होता — माझ्यावर विश्वास असल्यासारखा, किंवा नसल्यासारखा. मला ते ठरवता येईना. तिथे, त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, पुढचा विषय घेऊ या, उशीर होतोय.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ह्या माणसाला आता सगळं कळलं असेल आणि तरी तो मला चारचौघांत उघडा पाडत नसेल, तर मी किती दिवस त्याच्या आडोशाला राहणार?

गेल्या रविवारी सकाळी त्याच्या नर्सरीवर गेलो. तो शेडनेटमध्ये रोपांना पाणी सोडत होता. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं — नियम नव्हता, मला ‘ड्रायव्हर’ शब्दाची लाज वाटली, कुत्र्याच्या चित्राचं कारण मी तिथल्या तिथे बनवलं. त्यानं नळ बंद केला.

“चित्र चालतं, अक्षर चालत न्हाई. ह्ये बी तूच काढलंस?”

“हो.”

“डोस्कं लय चालतं गड्या तुजं.”

तो हसला नाही. तो मला हाकलून देईल असं वाटलं, आणि त्यानं दिलं असतं तर मी गेलो असतो.

“मला नगं सांगू,” तो म्हणाला. “आत आई हाय. तिला सांग.”

हे मी हिशेबात धरलेलं नव्हतं. काकी मागच्या पडवीत रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा, भरत बसल्या होत्या. त्यांच्या हातचं मी शाळेत असल्यापासून खाल्लेलं आहे. त्यांच्यासमोर तेच सगळं पुन्हा सांगायचं — ज्या शब्दानं त्यांचं घर उभं राहिलं, त्याच शब्दाची मला लाज वाटली, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. सांगितलं.

काकींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या दादासोकडे बघत होत्या.

“व्हय रं दादा? ह्येनं सांगितलं म्हून पुसलंस?”

“मग? उगंच पुसीन व्हय?”

“मला वाटलं, मोटार मोठी झाली आन् तुला बाप ल्हान वाटाया लागला.”

हे दादासोला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी समजत होतो, मी एका कव्हरवरची अक्षरं घालवली. चार वर्षं ही बाई रोज त्या गाडीमागून घरात येत-जात होती आणि पोटच्या मुलाबद्दल असं समजत होती — आणि मी सहलींच्या याद्या करत होतो.

“मग मला इचारायचं न्हाईस?” दादासो म्हणाला.

“काय इचारू? आन् तू व्हय म्हणाला असतास तर?”

तो तिच्याजवळ खालीच बसला. तिच्या हातातला ट्रे काढून त्यानं बाजूला ठेवला. काकींनी डोळ्याला पदर लावला, मग त्याच पदरानं त्याच्या दंडावरचं कोकोपीट झटकलं.

मला कुणी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. माफीचा शब्द मी काढला नाही. तो काढला असता तर त्यांना माझ्याकडे लक्ष द्यावं लागलं असतं. मी पडवीतून बाहेर आलो आणि गाडीकडे निघालो. मागून काकींचा आवाज येत होता. आबा नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा सुट्टीवर आले, तेव्हाचं काहीतरी त्या सांगत होत्या. दादासो मध्येच थांबवून विचारत होता — कुठली गाडी, कुठला घाट, बर्फात चाकाला काय बांधायचे. काकी म्हणाल्या, दम धर, सांगते.