पाचवा अर्ज

निकाल माझ्या विरोधात लागला तेव्हा बायको अंथरुणाला खिळलेली होती. गोंदियातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही एकोणतीस वर्षं भाड्यानं राहत होतो. नवरा गेल्यावर घर आम्हाला भाड्यानं देऊन मालकीण कामठ्याला भावाकडे राहायला गेली होती. म्हातारपणी भावजयीशी पटेना, म्हणून तिला घर परत हवं होतं. कोर्टाला ते पटलं. तीन महिन्यांत घर खाली करा, असा हुकूम झाला.

मी स्थगितीचा अर्ज टाकला : बायको आजारी आहे, हलवता येत नाही. हे खरं होतं. मुदत मिळाली आणि त्या मुदतीतच बायको गेली. दुसरा अर्ज त्यावर. तिसरा गुडघ्याच्या ऑपरेशनचा. ऑपरेशन झालं होतं, पण अर्ज दिला तेव्हा मी बाजारापर्यंत चालत जात होतो. चौथ्यात लिहिलं, दुसरं घर शोधतोय, मिळत नाही. मी एकही घर पाहिलं नव्हतं.

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला. मूलबाळ नाही. आठ-आठ दिवस दूधवाल्याखेरीज कोणाशी बोलणं होत नसे. खरं सांगायचं तर मी तारखेची वाट पाहायचो. आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री करायचो. वकील "आइये बाबूजी, बैठिये" म्हणत. शिपाई दारात येऊन माझं नाव मोठ्यानं पुकारायचा. घरात ते नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं.

मालकीणही दर तारखेला यायची, कामठ्याहून बसनं, भाताचा डबा घेऊन. आधी कोर्टाच्या पायऱ्या सरळ चढायची. पुढं पुढं कठडा धरून, थांबत थांबत. व्हरांड्यात एकच बाक होता. आम्ही त्याच्या दोन टोकांना बसायचो. बोलत नसू.

पाचव्या अर्जाच्या दिवशी ती सरकत माझ्याजवळ आली.

"बाबूजी, कोर्टानं घर मले देल्लं ना?"

"हो."

"मंग काऊन असं करून राहिले जी? बाई तर तुमची गेली."

"त्या घरात तिची..."

"माहा नवरा बी त्याच घरात गेला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

पुकारा झाल्यावर मी वकिलांना अर्ज मागं घ्यायला सांगितलं. ते चिडले. सहा महिने सहज निघाले असते, म्हणाले.

पंधरा दिवसांनी मी स्वतःच किल्ली दिली. घर खाली करायला कोर्टाचा बेलीफ यायची पाळी आली नाही. तिनं भिंतींना हात लावत दोन्ही खोल्या पाहिल्या आणि स्वयंपाकघरात खाली बसली. माझं सामान एका टेम्पोत मावलं. नागऱ्याच्या रस्त्याला एक खोली घेतली.

ती त्या घरात सात महिनेच राहिली. माझ्या अर्जांत तिची अडीच वर्षं गेली होती. ती गेल्याचा जुन्या शेजाऱ्याचा फोन आला तसा मी मोक्षधामात गेलो, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. तिच्या भावानं विचारलं, "तुमी कोण जी?"

"भाडेकरू होतो."

तो बाजूला सरला. "मंग या ना समोर," म्हणाला.