भिकोबाशेठची गाडी चढावरच का मरायची

"मिस्त्री, गाडी पुन्हा मेली."

भिकोबाशेठ माझ्या महाडच्या वर्कशॉपच्या दारातच उभे होते. आत यायला तयार नव्हते. आत आलं की बसावं लागतं, बसलं की चहा घ्यावा लागतो, आणि माझा चहा पिऊन मलाच बोलायचं त्यांना जमत नसे.

"कुठे मेली?"

"चढाला. दुसरीकडं कुठं मरणार? सपाटीला मरायची तिला लाज वाटते."

"मग इथवर आली कशी?"

"उलटी मागं सोडली, सपाटी लागली, जिवंत झाली. पोलादपुरापासून तुमच्या दारापर्यंत नाचत आली. आता बघा की, कशी साळसूद उभी हाय."

गाडी खरंच साळसूद उभी होती. इंजिन चालू होतं आणि आवाज शिलाईच्या मशीनसारखा एकसारखा येत होता. मी हातातला पाना खाली ठेवला आणि कागद-पेन्सिल घेतली. कोणतंही काम मी कागदावर क्रम लावल्याशिवाय सुरू करत नाही. या सवयीला माझ्या घरी हसतात. पण स्क्रू हरवला की माझ्याकडेच येतात.

आधी थोडं मागचं सांगतो. भिकोबाशेठच्या घरचा धंदा टांग्यांचा. महाडहून पोलादपूरला माणसं न्यायची आणि सरकारी टपालही न्यायचं. मोटारी आल्या आणि टांग्यात बसायला लोकांना कमीपणा वाटू लागला. मग शेठनी घोडे विकले आणि पोलादपूरच्या पुढे आंबेनळीच्या घाटापर्यंत उतारू न्यायला नवी कोरी सर्व्हिसची मोटार घेतली. कोणती घ्यावी, हे मीच सांगितलं होतं. जुन्या गाड्यांना पुढून हँडल मारावं लागे. ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. ही गाडी बॅटरीवरची. बटण दाबलं की चालू. मुंबईच्या कारखान्यात मी तसल्या गाड्या हाताळल्या होत्या, म्हणून छातीठोकपणे म्हणालो होतो, "शेठ, हीच घ्या. त्रास नाही."

पहिले काही दिवस खरंच त्रास नव्हता. मग हे सुरू झालं. गाडी चढाला लागली की इंजिन एकदम बंद. खोकणं नाही, धाप नाही, धूर नाही. फुंकर मारून दिवा घालवावा तसं. पुढचे दिवे मात्र लागत आणि हॉर्न वाजे. उतारू खाली उतरत आणि ड्रायव्हर राघू मेलेल्या गाडीत बसून हॉर्न वाजवत राही. हा राघू पूर्वी शेठचाच टांगा हाकायचा. चाळिशी उलटली होती, तरी चढ आला की अजून स्टिअरिंगला "हैक, हैक" करायचा.

पोलादपुरात लोकांची करमणूक झाली. "शेठ, घोडी काय खात व्हती ते हिलाबी घाला की!" असं कोणीतरी रोज ओरडायचं. शेठ हसून घालवायचे, पण आतून त्यांचा धीर सुटत चालला होता. टपालखात्याने यंदा टांग्याऐवजी मोटारीने टपाल न्यायचं ठरवलं होतं. दुसऱ्या एका मोटारवाल्यानेही अर्ज केला होता. टपालाचे इन्स्पेक्टर स्वतः शेठच्या गाडीतून महाडहून घाटमाथ्यापर्यंत जाणार आणि मग ठरवणार. टपाल मिळालं तर पावसाळ्यातही गाडी पोटापुरतं कमावणार. नाही मिळालं तर गाडी विकायची, आणि घोडे तर आधीच विकलेले.

"मिस्त्री," शेठ दारातूनच म्हणाले, "साहेब सोमवारी येतायत. त्याच्या आत जे काय भूत हाय ते काढा."

मी क्रमाने गेलो. चढावर इंजिन मरतं म्हणजे पहिला संशय पेट्रोलचा. नळी उघडली, फुंकली, स्वच्छ होती. कार्बोरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होते तो भाग, धुतला. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते तार घालून पाहिलं. उघडं होतं. मग वीज. बॅटरी भरलेली. वायरींचे जोड घट्ट. कॉइल काढली आणि दुसरी घातली.

कॉइल म्हणजे काय, ते इथेच सांगतो, कारण पुढे लागणार आहे. बॅटरीची वीज अशक्त असते. कॉइल तिला जोरकस करते. त्या जोरकस विजेची ठिणगी इंजिनात पडते आणि पेट्रोल पेटतं. ठिणगी नाही तर इंजिन नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

प्रत्येक दुरुस्तीनंतर मी स्वतः गाडीत बसून पोलादपूर ओलांडून आंबेनळीच्या चढावर जाऊन येई. गाडी एकदाही थांबली नाही. मी पुढे बसलेला, राघू गुणगुणतोय, इंजिन खुशीत. परत येऊन मी गाडी शेठच्या स्वाधीन करी. दुसऱ्या दिवशी तोच चढ आणि तेच मरण.

असं तीनदा झाल्यावर पोलादपूरकरांनी निकाल देऊन टाकला. मिस्त्रीचा पायगुण आहे. शेठनाही ते पटलं.

"तुम्ही रोज बसत चला गाडीत. भाडं नको."

"आणि वर्कशॉप कोण बघणार?"

"मग निदान सोमवारी तरी बसा. साहेबांच्या शेजारी. काय करू नका, नुसतं बसा."

मी कबूल झालो. पण रविवारी साहेबांचा निरोप आला की टपालाच्या पिशव्या आणि खात्याची माणसं सोडून फक्त मालक आणि ड्रायव्हर, बाकी कोणी गाडीत नको. शेठचा चेहरा उतरला. मला मात्र त्या निरोपाने विचार करायला लावलं.

गाडीला मी कोण हे कळत नाही. तिला पायगुण कळत नाही. मी असताना ती चालते आणि नसताना थांबते, याचा अर्थ एकच. मी असताना गाडीत काहीतरी वेगळं केलं जातं. किंवा मी नसताना. मला राघूच्या हाकण्याचाच संशय होता. मी नसताना तो काय करतो, ते बघायला हवं होतं. म्हणून कोणालाही न सांगता मी रविवारीच पोलादपूरला बहिणीकडे गेलो, आणि सोमवारी सकाळी चालत जाऊन चढावरच्या एका वळणाशी कठड्यावर बसलो.

गाडीचा आवाज खालून येऊ लागला. त्यात मधूनमधून "हैक" येत होतं. गाडी वळण घेऊन माझ्यासमोर चढाला लागली, आणि एकदम शांतता. राघूने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. वळला तर समोर मी.

"अरे देवा. मिस्त्री? तुमी हितं?"

"सहज फिरायला आलो होतो. बॉनेट उघड."

बॉनेट म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं झाकण. राघू धावत पुढे गेला आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

"गरम हाय, मिस्त्री. हात भाजंल."

"माझे रोज भाजतात. सरक बाजूला."

"नको मिस्त्री. आयेनं सांगितलंय."

"कुणाच्या आईने?"

"शेठच्या."

मी शेठकडे पाहिलं. शेठ मागच्या सीटवरून दरीतली झाडं फार बारकाईने पाहत होते. त्यांच्या शेजारचे इन्स्पेक्टर साहेब, काळा कोट घातलेले शिडशिडीत गृहस्थ, खाली उतरले.

"काय भानगड आहे?"

"साहेब, तेच बघतोय," मी म्हणालो आणि राघूचा दंड धरून त्याला बाजूला केलं.

बॉनेट उघडलं. इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर कॉइल बसवलेली असते. तिच्या वर एका बोल्टला चकचकीत नवी तार गुंडाळली होती, आणि त्या तारेला लोंबत होती घोड्याची नाल. हळद-कुंकू लावलेली. गाडी चढावर, नाक वर करून उभी, म्हणून नाल मागे झुकली होती आणि कॉइलच्या एका टोकाला बरोबर टेकली होती.

मी एका बोटाने नाल उचलून धरली.

"राघू, बटण दाब."

इंजिन चालू झालं. मी बोट काढलं. इंजिन बंद. पुन्हा उचलली, राघूने बटण दाबलं, पुन्हा चालू. साहेब पुढे झाले. "मी बघू?" म्हणाले आणि त्यांनी स्वतः नाल उचलली, सोडली, उचलली, सोडली. त्यांना गंमत वाटू लागली होती.

"साहेब," मागून शेठचा बारीक आवाज आला, "टपाल."

कारण सांगायला सोपं आहे. कॉइलचं ते टोक गाडीच्या लोखंडाला जोडलं गेलं की वीज सरळ लोखंडात पळते. ठिणगी पडत नाही. काही जळत नाही, वास येत नाही, दिव्यांना आणि हॉर्नला तर पत्ताही लागत नाही. नाल लोखंडी, तार लोखंडी, बोल्ट लोखंडी. सपाटीवर नाल सरळ लोंबते आणि कशाला लागत नाही. चढावर टेकते. मागे सपाटीला गाडी सोडली की सुटते.

"कधीपासून टांगलीय?" मी विचारलं.

"गाडी आली त्या दिसापासनं," राघू म्हणाला. "चंद्रीची नाल हाय ती. आमची पांढरी घोडी. कधी वाटंत थांबली नाय. आये म्हणली, तिची नाल नव्या गाडीला बांध, दृष्ट लागायची नाय."

"मग पहिले काही दिवस गाडी नीट कशी चालली?"

राघूने डोकं खाजवलं. "तवा काळ्या दोऱ्यानं बांधली व्हती. इंजिनाच्या गरमीनं दोरा करपला. मग म्हणलं तार बरी, मजबूत."

दोऱ्यातून वीज जात नाही. तारेतून जाते.

"आणि मी गाडीत बसायचो तेव्हा?"

"काढून खिशात ठेवायचो. आये म्हणली, परक्याच्या नजरंला पडली की तिचा गुण जातो. आनि तुमी तर सगळं उचकून बघता."

माझ्या वर्कशॉपच्या अलीकडे चिंचेखाली गाडी थांबवायची, नाल सोडायची, मग माझ्या दारात यायचं. परत जाताना त्याच चिंचेखाली पुन्हा बांधायची. इतक्या नेमाने चालणारा कारभार मी माझ्या वर्कशॉपातही कधी बसवू शकलो नाही.

नाल राघूच्या खिशात गेली, आणि गाडी एका दमात घाटमाथ्यावर पोहोचली. साहेबांनी कागद काढला.

"मध्ये थांबली. कारण काय लिहू?"

शेठ माझ्याकडे पाहू लागले. साहेबांच्या निरोपाप्रमाणे मला गाडीत जागा नव्हती, पण नाल पाहिल्यावर त्यांनीच मला टपालाच्या पिशव्यांवर बसवून वर आणलं होतं.

"बाहेरची वस्तू वायरीला लागली. काढली. गाडीत दोष नाही," मी म्हणालो.

"बाहेरची वस्तू," साहेब पुटपुटले आणि तसंच लिहिलं. मग हळूच राघूला म्हणाले, "एवढ्या चांगल्या घोडीची नाल टाकून देऊ नकोस हां."

टपाल शेठना मिळालं.

खरा कठीण पेपर संध्याकाळी महाडला होता. शेठच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. नाल काढली हे त्यांना आमच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. मी कॉइल, ठिणगी, तार, दोरा सगळं समजावून सांगितलं. शेठ माझ्या मागे उभे होते, चांगली दोन पावलं मागे. म्हाताऱ्या आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या राघूकडे वळल्या.

"तुला इंजिनात बांध म्हणून कुनी सांगितलं रे?"

"आये, गाडी ओढतं कोण? इंजिन. म्हंजे घोडी तीच. म्हणून तिला बांधली."

"मेल्या, जल्मभर टांगा हाकलास, आनि घोडीच्या नाकात नाल बघितलीस व्हय कधी? नाल पायात असते. जा, पायाशी ठोक."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या चाकाजवळच्या लाकडी फळीला ती नाल चार स्क्रूंनी पक्की बसवून दिली. तेव्हापासून गाडी चढावर थांबलेली नाही. ही नालेची करामत आहे असं शेठ आईसमोर म्हणतात. माझ्यासमोर, मिस्त्रीची.

या प्रकरणातून मी एक नियम घालून घेतला. गाडीत काय बिघडलंय, हे गिऱ्हाईक सांगतंच. आणण्याआधी गाडीतून काय काढलंय, हे आपण विचारावं लागतं. म्हणून आता मी प्रत्येकाला बजावतो, गाडी रस्त्यावर जशी चालते अगदी तशीच आणा, काही काढू नका, काही पुसू नका.

लोक ऐकतात. मध्यंतरी उमरठकडून एक गाडी आली. मागून कर्रकर्र आवाज येतो अशी तक्रार होती. टपावर कोंबड्यांचं खुराडं, आत फणस, आणि मागच्या सीटवर मालकाचे चांगले वजनदार सासरे. "जशी हाय तशीच आणा म्हनालात," मालक म्हणाला. मी खुराडं उतरवलं, आवाज तसाच. फणस उतरवले, तसाच. सासऱ्यांना हात देऊन खाली उतरवलं आणि गाडी हलवून पाहिली. आवाज बंद.

बिघाड कोणता ते मी मालकाच्या कानात सांगितलं. दुरुस्ती त्याची त्यानेच करायची होती.