मुख्याध्यापिकेचा बसलेला घसा

माझी भावजय मुख्याध्यापिका झाली तेव्हा मी तोंडावर म्हटलं होतं, "नसतं लोढणं गळ्यात कशाला अडकवून घेतेस?" शाळा म्हणजे सगळा सावळा गोंधळ. शिक्षक खोलीत गप्पा छाटत बसायचे, वर्गात बाजार भरायचा आणि दहावीचा निकाल दरवर्षी घसरायचा.

हिने कुणाला नोटीस दिली नाही की ही कुणावर डाफरली नाही. कुणी वर्गावर गेलं नाही, की ही खडू घेऊन स्वतः जायची. आठवीचा भूगोल असो नाहीतर दहावीचं गणित. बाकीचे हळूहळू शरमले आणि वेळेवर वर्गात जायला लागले. एक सोडून. गणिताच्या सरांचं कायम 'आज नको, उद्या', म्हणून पोरं त्यांना 'उद्या सर' म्हणायची. ते चहाचा घोट घेत म्हणायचे, "बाई आहेत की!" मेला निर्लज्ज!

स्वतःचं काम आणि वर दुसऱ्यांचे तास. व्हायचं तेच झालं, घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

परीक्षा तोंडावर आलेली आणि ही घरात. बोलता येईना, म्हणून भांडी आपटायची. शेवटी एका दुपारी चपला घालून निघालीच. "तिथे जाऊन तू बोलणार, मला पक्कं ठाऊक आहे," असं म्हणत मीही मागोमाग गेले.

शाळेत सगळं शांत. व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिलं होतं, भूगोलाच्या बाई आज रजेवर. म्हणजे दहावीचा तास रिकामा! ही तरातरा तिकडे गेली. बघते तर काय, आत खडू घेऊन उद्या सर उभे!

तिला पाहून ते दारात आले. "बाई, तुम्ही घरी जा. हा तास मी घेतोय," म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

फाटकापाशी येऊन ती रडायला लागली. मी भडकले. "अगं वेडाबाई, याचसाठी घसा फोडलास ना? मग आता रडतेस काय?"

तिने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, 'माझ्यावाचून काही अडलं नाही.'

वाईटच वाटलं तिचं. घरी येईपर्यंत मी तिचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला ती उठून बसली, घड्याळाकडे पाहिलं आणि पांघरूण ओढून पुन्हा झोपली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. मी त्या सकाळी भांड्याला भांडं लागू दिलं नाही.