उलटून बघ, मेल्या

हातात आलेली कुठलीही वस्तू मावशी आधी उलटी करून बघत. टोमॅटो, लग्नपत्रिका, गोळ्यांची पट्टी, पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा बॉक्स. केबिन रोडवरचा भाजीवाला वैतागून म्हणायचा, "मौसी, टमाटर है, चादर नहीं. कितना पलटोगी?"

"तेरा माल अच्छा है तो डरता कायको है, मेल्या?"

त्याला मराठी येत नसे, पण 'मेल्या' कळे. तो हसायचा आणि पिशवीत दोन मिरच्या जास्त टाकायचा.

तुमच्याही इमारतीत अशी एखादी बाई असेल, तेव्हा फार वर्णन करत नाही. मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं झाकणं तपासत होत्या. वरून चकचकीत दिसणाऱ्या झाकणाला आतून चीर असते, आणि ओरखडा दिसला म्हणून बाजूला टाकलेलं झाकण आतून ठणठणीत निघतं, हे त्यांना सव्वीस वर्षांत कळलं होतं. नव्या पोरींना त्या एवढंच शिकवत, "फेकायच्या आधी उलटून बघ."

आता 'मेल्या'विषयी. हा शब्द कोकणातल्या बायका कसा वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मावशींचा वॉचमन मेल्या, लिफ्टवाला मेल्या, मी पन्नाशीला टेकलेला चष्मेवालाही मेल्याच. लाईट गेले की देव्हाऱ्यातल्या गणपतीला, "मेल्या, बघ रे जरा." ज्याच्यावर त्यांचा राग असे त्याला मात्र त्या अहोजाहो करत. सोसायटीचा सेक्रेटरी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्याला कायम "आपण बसावं". तो बिचारा हा मान समजायचा.

निवृत्त झाल्यावर लेकीने मोबाईल दिला आणि मावशी गेम खेळू लागल्या. लुडो नव्हे. चौघांची टोळी करून बेटावर उतरायचं आणि बंदुका घेऊन बाकीच्यांना संपवायचं, तो. खेळातलं नाव 'हापूस ६३', आंबा गावचा आणि साल जन्माचं. "मी कोणाला मारत नाय," त्या मला सांगत, "मी पट्ट्या बांधते." खरंच होतं ते. टोळीतलं कुणी पडलं की मावशी गोळ्यांच्या पावसात धावत जाऊन मलमपट्टी करत आणि मोबाईलमध्ये बोलत. मोबाईल ते मराठीत लिहून टोळीला पाठवी, "मेल्या, भिंतीमागे बस म्हटलं होतं ना?"

टोळी रोज दुपारी चारला जमे. एकमेकांची खरी नावं कुणाला ठाऊक नव्हती, फोन नंबर नव्हते. "नंबर कशाला? भेटतो की रोज." त्यातली 'काजूकतली' ही बाई नागपूरची, एकटी राहणारी, हे मला मावशींकडूनच कळलं. तिच्या गर्भाशयात गाठ होती. भाजी निवडता निवडता मावशी तिची खबर अशी सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं सख्खी बहीण.

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी मराठीत एम.ए. आहे. या पदवीला बाजारात जी किंमत आहे तिला अनुसरून मी मीरा रोडच्या एका कार्यालयात नोकरी करतो. खेळाडूंनी नियम मोडले की त्यांची खाती बंद करायची आणि त्यांनी दाद मागितली की ती फेटाळायची, असं आमच्या कार्यालयाचं काम. मावशी खेळत तो गेम आमच्याकडेच होता. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर पुढे फोटो आणि मागे हुद्दा छापला आहे.

एकदा वरून आदेश आला की मराठी आक्षेपार्ह शब्दांची यादी हवी. तक्त्यात तीन रकाने होते. शब्द. शब्दशः अर्थ. मृत्यूशी संबंध, होय किंवा नाही. कोण कोणाला कशासाठी म्हणतं, याला रकाना नव्हता.

मी 'मेल्या' लिहिला तेव्हा माझ्या कानात मावशींचाच आवाज होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तरीही अर्थ लिहिला 'मृत व्यक्ती, संबोधन' आणि 'होय'वर खूण केली. शब्दशः अर्थ तोच तर होता. पुढे उत्साहाने स्त्रीलिंगी 'मेले' दिलं, अनेकवचनी 'मेल्यांनो' दिलं, 'मेलास', 'मेलीस', 'मेलो' ही रूपंही दिली. सर्व भाषांच्या याद्यांत माझी यादी सर्वांत अचूक ठरली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. लॅमिनेट केलेलं.

अशा रीतीने, ज्या खेळात दर पाच मिनिटांनी माणूस मरतो, त्या खेळात 'मेलो' म्हणायला बंदी आली. यादीतला शब्द कुणी लिहिला की समोरच्याला त्या जागी चार चांदण्या दिसू लागल्या आणि लिहिणाऱ्याच्या नावे गुन्हा जमा होऊ लागला. त्याच महिन्यात भिंतीआरपार बघण्याची लबाडी करणारा एक खेळाडू पकडला गेला. त्याला सात दिवसांची विश्रांती दिली, कारण पहिलाच गुन्हा होता आणि त्याने छापील माफीनाम्याला संमती दिली होती. दुसरा एक जण बायकांना नको ते लिहायचा, पण अक्षरांच्या मध्ये आकडे घालून. त्याचं लिखाण यादीत बसेना, म्हणून तो निर्दोष. आमच्याकडे नियम सर्वांना सारखा होता.

मावशींच्या नावे पंधरवड्यात चारशेच्या वर गुन्हे जमले. एका मंगळवारी खातं कायमचं बंद झालं. कारण, 'सहखेळाडूंना जिवे मारण्याच्या वारंवार धमक्या'.

संध्याकाळी त्या मोबाईल घेऊन आमच्या दारात आल्या.

"अरे, मी कोणाला धमकी दिली? मला झुरळ मारवत नाय."

"मावशी, ते मशीन ठरवतं. शब्दांची यादी असते."

"यादी मशीन करतं?"

"नाही. यादी... करतं कुणीतरी."

"त्याला मराठी येत नसणार."

"नसणार," मी म्हणालो.

माझ्या मागे बायको उभी होती. भिंतीवर प्रशस्तिपत्रही होतं.

"तू तिथेच असतोस ना? मग समजाव त्याला. मला खेळायचं नाय रे मेल्या. काजूकतलीचं गुरुवारी ऑपरेशन आहे. कसं झालं एवढं कळलं की पुरे."

दाद मागायचा अर्ज त्यांनी स्वतःच मोबाईलमध्ये बोलून पाठवला. तो मी नंतर वाचला. 'साहेब, मी बासष्ट वर्षांची बाई आहे. मी पट्ट्या बांधते. मेल्यांनो, फेकायच्या आधी जरा उलटून बघा.' अनेकवचनी रूप यादीत होतंच. कर्मचाऱ्यांनाही धमकी, असा शेरा पडून गुन्हा वाढला.

त्याआधी मी साहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं होतं की अर्जदार बाई माझ्या ओळखीच्या आहेत. साहेबांनी कौतुक केलं आणि निःपक्षपातीपणासाठी मला त्या प्रकरणातून बाजूला काढलं. अख्ख्या मजल्यावर मराठी वाचू शकणारा मी एकटा होतो. प्रकरण शेजारच्या टेबलावर गेलं. त्या मुलाने काटेकोरपणे माझी यादी उघडली, शब्द जुळवला आणि चार मिनिटांत दाद फेटाळली. त्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे आधार म्हणून माझ्यासारख्या तज्ज्ञाचं मत होतं.

गुरुवार गेला. मावशी रोज विचारत, "काय म्हणाला तुझा साहेब?" मी म्हणे, "बघतोय." मी काहीच बघत नव्हतो. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी लिफ्ट धरायचो. मग एके दिवशी स्वतःचं खातं काढून काजूकतलीला शोधू लागलो. त्या नावाच्या शेकड्याने निघाल्या. मी एकामागून एक विचारत सुटलो, "आपलं ऑपरेशन झालं का?" तिसऱ्या दिवशी माझंही खातं बंद झालं. 'महिला खेळाडूंना त्रास देणे.' या निर्णयात मला खोट काढता आली नाही.

एका शनिवारी कामावरून येताना मावशींनी मला जिन्यात गाठलं. "किती दमलास रे," म्हणाल्या आणि गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं. फोटो बघून हसल्या. मग सवयीने ते उलटं केलं.

इंग्रजी लेबलं वाचायची त्यांना कारखान्यापासून सवय होती. ओठ हलवत सावकाश वाचलं. लँग्वेज. एक्स्पर्ट. मराठी.

त्यांनी कार्ड सोडलं. ते माझ्या छातीवर आपटलं.

"यादी तुम्ही केलीत?"

मी मान हलवली. त्यातला 'तुम्ही' मी ऐकला होता.

"बरं. थकला असाल. घरी जावा," म्हणाल्या आणि कठडा धरून खाली उतरल्या. चिडल्या असत्या तर मी पाय धरले असते. तेवढी सवलत त्यांनी मला दिली नाही.

त्या रविवारी मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक माझी, अर्थ अपुरा दिला, शब्द मायेचा आहे. उत्तर आलं की यादी बदलण्यासाठी मराठी भाषातज्ज्ञाचा अभिप्राय जोडावा. मी माझा अभिप्राय जोडला. मग उत्तर आलं की एकाच तज्ज्ञाची दोन मतं परस्परविरोधी असल्याने पहिलं ग्राह्य धरलं आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिलं.

मावशी दिवाळीनंतर गेल्या. झोपेतच हृदय बंद पडलं. त्या जिन्यातल्या शनिवारनंतर त्या मला भेटल्या की "कसे आहात?" विचारत. मी "बरा आहे" म्हणे. सेक्रेटरीच्या आणि माझ्या मानात आता काही फरक उरला नव्हता.

तेराव्यानंतर त्यांची लेक मोबाईल घेऊन आली. "दादा, आईच्या गेमवर काहीतरी आलंय. बघता का?"

'आपले खाते अपवाद म्हणून पूर्ववत करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' खाली बारीक अक्षरांत, 'शब्दसूची कायम राहील.'

मी खातं उघडलं. काजूकतलीचे निरोप साठून राहिले होते. पहिला ऑपरेशनच्या नंतरच्या सोमवारचा.

'मावशी, ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आता पट्टी बांधायला या.'

मग, 'मावशी, रागावलात का?'

मग बरेच दिवस काही नाही. आणि शेवटी मावशींकडून उचललेल्या बोलीत एकच ओळ होती.

'★★★★ कुठे आहेस गं?'

"हे चांदण्यांचं काय आहे, दादा?" लेकीने विचारलं. "शिवी दिलीय का आईला?"

"नाही गं," मी म्हणालो. "तिथे 'मेले' असं आहे."

तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला, उलटा करून पाठीमागे बघितलं, आणि मग पुन्हा सुलटा करून ती ओळ वाचू लागली.