पाच नंबर कोण म्हणणार

निघायच्या आदल्या दिवशी मी सायकलची चेन धुतली, दोन्ही ब्रेकचे रबर बदलले, हवा भरली आणि ठरवलं की यंदा पाच नंबर मी म्हणणार. कुणाला बोललो नाही. बायकोला बोललो असतो तर ती म्हणाली असती, केस गेले, दात गेले, हट्ट तेवढा राहिला.

मी नाईक विठोजी राव, रिटायर्ड. वय सदुसष्ट. राहणार मेलकावेरी, कुंभकोणम. शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. बालबोध अक्षर पलटणीत शिकलो. अक्षरात चूक सापडली तर ती माझी. हकिकतीत सापडणार नाही.

दर मार्गळी महिन्यात, देवळांतून पहाटे स्पीकर लागतात त्या थंडीच्या दिवसांत, आम्ही पाच माजी सैनिक रात्री सायकलने कारैक्कालला समुद्रावर जातो. पंचावन्न किलोमीटर. रात्री साडेनऊला निघायचं, उजाडताना समुद्र. लान्स नाईक नागोजी राव ज्या रात्री गेला त्या रात्रीसाठी हे आहे. जागून काढायची तर घरात पंख्याखाली का काढायची, असं सुभेदार साहेबांनी सांगितलं, आणि सातव्या वर्षीही ते सांगतात तेच होतं.

एका ओळीत चालवायचं. दोघांत दहा पावलांचं अंतर. दर अर्ध्या तासाला साहेब पुढून ओरडतात, "गिनती." मग एक, दोन, तीन, चार. चारनंतर एका सायकलची जागा रिकामी ठेवतो. ती नागोजीची. त्याचा नंबर पाच. त्या जागेमागे शेवटची सायकल सेल्वराजची. तो म्हणतो, "पाच, सहा." साहेब म्हणतात, "ठीक." माणसं पाच, गिनती सहा. बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल. वाटू दे.

हे नंबर त्या रात्रीच्या पेट्रोलचे, सरहद्दीवरच्या गस्तीचे आहेत. साहेब तेव्हा नायब सुभेदार होते, ते एक. दोन नंबर आमचा ड्रायव्हर, तीन नंबर लंगरचा कुक. चार नंबर आता केरळात असतो, येत नाही. त्याची जागा मला दिली. म्हणजे मी उसन्या नंबरावर चालतो. त्या पेट्रोलवर मी नव्हतोच.

जायला मीच हवा होतो. सहा नंबर माझा होता. नागोजी पाच, त्याच्या मागे मी, हे लिस्टमध्ये लिहिलेलं. आदल्या दिवशी बर्फात माझा घोटा मुरगळला. साहेबांनी माझं नाव खोडून सेल्वराजचं घातलं. मला वायरलेस सेटवर बसवलं.

नागोजी आणि मी मेलकावेरीच्या एका गल्लीतले. घरात दोघंही आमची जुनी मराठी बोलायचो, बाहेर तमिळ. एका दिवशी भरती झालो. सेल्वराज साक्कोट्टैचा, आमच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. नागोजीला तो आठ महिने ओळखत होता. आठ.

त्या रात्री मी कानाला हेडफोन लावून बंकरमध्ये होतो. एक वाजून चाळीस मिनिटांनी आवाज आला.

"डेल्टा, सिक्स बोलतोय. गोळाबारी चालू. फाइव्ह जखमी. ओव्हर."

"सिक्स, त्याला कुठे लागलंय? ओव्हर."

"पोटात. बाकीचे पुढे अडकलेत. मी त्याच्याजवळ आहे. ओव्हर."

"पार्टी उजाडल्यावर निघेल. तिथेच थांब. ओव्हर."

"थांबतो. आउट."

चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा आवाज आला. "डेल्टा, फाइव्ह संपला. आउट."

मी वेळ लिहिली, खाली सही केली. अडीच तास सेल्वराज त्याच्याजवळ होता आणि मी स्टोव्हजवळ.

पुढे सगळं सेल्वराजलाच मिळालं. पेटीबरोबर गावी तोच आला. माझा घोटा सुजलेला. नागोजीची आई वारेपर्यंत त्याला 'माझा सेल्वा' म्हणायची, मला 'तो विठोजी'. नागोजीचं घड्याळ तिनं त्याच्या हातात बांधलं. श्राद्धाला पहिलं पान त्याचं. मी शेजारी बसून पस्तीस वर्षं त्या घड्याळाकडे बघत जेवलो. लोक म्हणतात काळ जातो तसा मत्सर बोथट होतो. माझा झाला नाही. मी त्याला धार लावून ठेवली होती.

तर यंदा. साडेनऊला माझ्या घरासमोर फॉल-इन. दोन नंबरच्या पोरानं सिंगापूरहून एकवीस गिअरची सायकल पाठवलेली.

"एकवीस," दोन नंबर म्हणाला.

तीन नंबर म्हणाला, "गेल्या वर्षी पुलावर हातानं ढकललीस. तो कितवा गिअर?"

"चढ होता."

"तंजावूर जिल्ह्यात चढ? कलेक्टरला कळवा रे कुणी."

साहेबही हसले. सेल्वराज माझ्या टायरवर अंगठा दाबून म्हणाला, "अण्णे, मागचं थोडं मऊ आहे. भरू का?"

"मला डोळे आहेत," मी म्हणालो.

दहा वाजता पहिली गिनती. एक. दोन. तीन. मी म्हणालो, "चार, पाच."

मागून सेल्वराजचा आवाज. "सहा."

साहेबांनी 'ठीक' म्हटलं, पण जरा उशिरा. साडेदहाला मी पुन्हा तसंच केलं. छाती भरून आली माझी. खोटं कशाला लिहू.

दहा-पन्नासला तिरुनीलक्कुडीला देवळाजवळ हॉल्ट. तीन नंबरनं चिंचेच्या भाताचा डबा उघडला. साहेबांनी हात धुतले, मग विचारलं, "राव, पाच कोण म्हणतं?"

"सहा नंबर म्हणतो, साहेब."

"मग तू का म्हणालास?"

"माझा दोस्त होता."

"ऑर्डर काय आहे?"

सेल्वराज मधेच म्हणाला, "म्हणू द्या, साहेब. अण्णांचा हक्क आहे."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला दिलं, जसं काही त्याचं होतं आणि तो देत होता. मी भात अर्ध्यावर सोडून सायकलीकडे गेलो.

अकरा-दहाला निघालो. धुकं उतरलं होतं. दोन्ही बाजूंना सांबा हंगामाचं भात उभं, रस्त्याच्या कडेनं वाय्क्काल, म्हणजे पाट, पाण्यानं काठोकाठ भरलेला. पुढच्याचा लाल दिवा दिसत होता, बाकी काही नाही.

साडेअकराला गिनती. मी म्हणालो, "चार, पाच." मागून सहा आला नाही.

मला वाटलं, रुसला. भात खाताना मोठा दानशूर झाला होता, आता पोटात दुखायला लागलं. मला बरं वाटलं. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धुक्यात त्याचा दिवा नाही हे दिसलं असतं. मी आवाज जरा बारीक केला, त्याच्यासारखा, आणि जोरात म्हणालो, "सहा."

तीन नंबर पुढे हसला. साहेबांना ऐकू कमी येतं. ते म्हणाले, "ठीक."

बारा वाजता पुन्हा. चार, पाच, सहा. तिन्ही मीच. सहा नंबर मुळात माझाच होता, असंही मनात म्हणून घेतलं.

साडेबाराला पेरळमला उतरलो. साहेबांनी सायकल स्टँडवर लावली, आमच्याकडे पाहिलं, मागे रस्त्याकडे पाहिलं.

"सेल्वराज कुठे?"

मी सावधान झालो. आपोआप झालो.

"सहा मी म्हणालो, साहेब."

"कितीदा?"

"दोनदा."

साहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे. ओरडतील वाटलं होतं. ते हळू बोलले. "मेलेल्याचा नंबर दुसऱ्यानं म्हणायचा असतो. जिवंत माणूस आपला आपण म्हणतो."

मोबाइल लावला, बंद. साहेब म्हणाले, "मी गाडी बघतो. राव, दोन नंबर, परत जा. प्रत्येक मोरीजवळ उतरा, हाक मारा."

अकरा किलोमीटर परत. दोन नंबर गिअरवाला, पण त्या रात्री तो माझ्या पुढे गेला नाही. मोरी आली की उतरायचं, टॉर्च मारायची, हाक द्यायची. बेडूक गप्प व्हायचे, पुन्हा सुरू व्हायचे. एका मोरीत एक गोणपाट तरंगत होतं. ते काठीनं दोनदा उलटं केलं, मग पुढे गेलो.

एक-पंचवीसला टॉर्चच्या उजेडात पाण्याजवळ लाल काही चमकलं. मागच्या मडगार्डचा रिफ्लेक्टर. खाली सेल्वराज, छातीपर्यंत पाण्यात, पाटाच्या दरवाजाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून. पाय सायकलखाली. पाण्याची ओढ सायकल त्याच्यावर दाबत होती.

मी शर्ट काठावर टाकून उडी मारली. दोन नंबरनं वरून सायकल ओढली. पाय गुडघ्याखाली मोडला होता. त्याला काठावर घेतलं, त्याचा शर्ट काढला, माझा कोरडा घातला. त्याचे दात वाजत होते. दोन नंबर साहेबांना फोन लावायला रस्त्यावर गेला.

मी त्याचे तळपाय मांडीवर घेऊन चोळत बसलो. वर बर्फात चोळायचो तसे.

"कुत्रं आडवं आलं, अण्णे," तो म्हणाला. "ब्रेक दाबला आणि खाली."

"ओरडला नाहीस?"

"ओरडलो की. मग साहेबांची गिनती ऐकू आली. तुम्ही पाच म्हणालात. मी सहा ओरडलो, तोंडात पाणी गेलं. मग सहा ऐकू आलं." तो खोकला. "धुक्यात आवाज कुठून कुठे जातो. साहेबांचं ठीक पण ऐकलं. म्हटलं, झालं. गिनती पुरी झाली. मग काही वेळ ओरडलोच नाही. नंतर लॉऱ्यांना ओरडलो. थांबल्या नाहीत."

"मी म्हणालो सहा."

"माहीत आहे. माझी नक्कल तुम्हाला जमत नाही."

मी चोळत राहिलो. माफी मागायची मला सवय नाही. मी दुसरंच विचारलं. पस्तीस वर्षांत विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिथे तो होता हे कबूल करावं लागलं असतं.

"नागोजी काय बोलला शेवटी?"

सेल्वराजनं माझा शर्ट गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"अंधार होता. टॉर्च लावायची नव्हती. त्याला धड शुद्ध नव्हती. त्याला वाटलं, मागे सहा नंबर तुम्ही. लिस्टमध्ये तुम्ही होता ना. मला विठू म्हणून हाक मारली."

विठू म्हणून मला दोघंच हाक मारायचे. आई आणि तो.

"मग?"

"मी ओ दिली."

पाटाच्या दरवाजातून पाणी पडत होतं.

"तुमच्या भाषेत बोलत होता. मला कळत नव्हतं. मी प्रत्येक वेळी ओ म्हणायचो. अडीच तास. हात माझा धरलेला, नाव तुमचं." त्यानं तोंड पुसलं. "तुमच्याकडे बघून किती वर्षं जळलो मी, अण्णे. मरताना माझा हात धरला, पण एकदा सेल्वा म्हणाला नाही. पाच मी का म्हणतो? दुसरं माझ्याकडे काय आहे? त्याच्या आईला सांगणार होतो, तिनं घड्याळ बांधलं. मग कसं सांगू?"

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. थोडं सुख वाटलं, हे मात्र लिहितो. नागोजीनं मला बोलावलं होतं. आणि लगेच दुसरंही कळलं, की बोलावलं तेव्हा मी नव्हतो, आणि त्याला ते कळू न देणारा माणूस माझ्या मांडीवर पाय ठेवून थरथरत होता.

"बरं केलंस," मी म्हणालो. एवढंच जमलं.

दोन वाजता साहेब लोड ऑटो घेऊन आले. दोन फळ्यांत पाय बांधला. कारैक्कालला दवाखान्यात नेलं, सायकलीही त्याच गाडीत. सूर्य उगवला तेव्हा आम्ही समुद्रावर नव्हतो, दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर होतो. सात वर्षांत पहिल्यांदा. सेल्वराजची बायको बसने आली, आम्हा चौघांना नीट झाडलं आणि मग सगळ्यांना कॉफी आणून दिली.

अकरा वाजता पायाला प्लास्टर. डॉक्टरनं घरी जा म्हटलं. सेल्वराज म्हणाला, आधी समुद्र. त्याला चहावाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आम्ही चौघांनी वाळूतून उचलून नेलं. दोन नंबर म्हणाला, याला एकवीस गिअर पाहिजे होते.

साहेबांनी गिनती घेतली नाही. टोपी काढून उभे राहिले. आम्हीही राहिलो. नागोजी एकतीस वर्षांचा होता. लग्न ठरलं होतं. त्याच्या नावाचा चौक नाही, दगड नाही. शाळेच्या भिंतीवर नाव लावा म्हणून मी दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा माझ्या अक्षरात.

मग बाकीचे पाण्याकडे गेले. मी खुर्चीजवळ वाळूत बसलो.

सेल्वराज म्हणाला, "अण्णे, तुम्ही त्याचं काहीतरी सांगा. मला आठच महिने मिळाले."

मी सांगितलं. सोळाव्या वर्षी आम्ही पहिल्यांदा इथे आलो, एका सायकलवर, मी कॅरिअरवर. नागोजीनं समुद्र पाहिला आणि सायकलसकट आत गेला. एवढं पाणी आहे तर धुऊन घेऊ म्हणाला. आठ दिवसांत चेन गंजून तुटली. सायकल त्याच्या मामाची.

सेल्वराज हसला, मग पाय धरला. "मामानं मारलं?"

"मला मारलं. नागोजी पळाला."

"पळायचा?"

"मेलकावेरीत त्याच्यापुढे कुणी नव्हतं."

तो समुद्राकडे बघत राहिला. "वर पोस्टवर कुणी पळत नाही. श्वासच पुरत नाही. मी त्याला पळताना कधी पाहिलं नाही, अण्णे."

तेव्हा मी त्याला सांगितलं, नागोजी कसा पळायचा. चपला काढून हातात घ्यायचा. मान डावीकडे कलती. तोंड उघडं, हसत. आणि मामा मागे आहे की नाही हे एकदाही वळून बघायचा नाही.