गालिच्यावरच्या तीन धारा

पुण्यातल्या चांगल्या व्हिस्की बारची मला जेवढी माहिती आहे, तेवढी पुण्यात जन्मलेल्या कित्येकांना नसेल. ती मी हौसेनं मिळवलेली नाही. एका माणसाचं उट्टं काढायचं म्हणून मिळवली आणि त्यापायी माझी दहा-अकरा वर्षं गेली.

तो माणूस म्हणजे माझ्या बहिणीचा सासरा, माझ्या वडिलांचा व्याही. मूळचा खर्डीकडचा. आमच्यासारखाच भातशेतीतल्या घरात वाढलेला. शिकला, सरकारी खात्यात साहेब झाला, पुण्यात फ्लॅट घेतला, आणि मग गावाचं नाव निघालं की भातात खडा लागल्यासारखं तोंड करू लागला. आम्ही शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या एका गावातले. अशा साहेबाच्या घरात मुलगी पडली म्हणून बाबांना कोण अभिमान! साखरपुडा खर्डीलाच झाला होता, कारण व्याह्याचे म्हातारे वडील तेव्हा हयात होते आणि त्यांना प्रवास झेपत नव्हता.

लग्नानंतर चार-पाच महिन्यांनी मी आणि बाबा बहिणीला भेटायला पुण्याला गेलो. नव्वद साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. संध्याकाळी व्याही म्हणाला, "चला, आज तुम्हाला खरी व्हिस्की पाजतो. तुमच्याकडे काय, मोहाचीच." बाबांनी धुतलेली टोपी घातली आणि आम्ही निघालो.

बार झकपक होता. आमच्या हायवेवरच्या परमिट रूममध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मळका पडदा. इथे दारापासून लाल गालिचा, पाय रुतेल असा. व्याह्याचे ऑफिसातले तिघे मित्र आधीच येऊन बसले होते. साहेब नेहमीचे गिऱ्हाईक असल्यानं वेटर वाकून वाकून बोलत होता. ग्लास भरले गेले.

आमच्याकडे घरातला कर्ता पुरुष ग्लास ओठाला लावायच्या आधी जमिनीवर तीन बारीक धारा सोडतो. एकेका धारेबरोबर घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घेतो. आधी त्यांनी घ्यायची, मग आपण. शेणानं सारवलेल्या ओटीवर ती कुठे जिरते ते कळतही नाही. बाबांनी तेच केलं. कुणाच्या बुटांवर उडू नये म्हणून खुर्ची मागे सरकवली, वाकले, आणि गालिच्यावर तीन वेळा थोडी थोडी व्हिस्की ओतून तीन नावं पुटपुटले.

व्याही जोरात हसला. मग वेटरला हाक मारून म्हणाला, "पुसून घ्या हो. आमचे पाहुणे रानातून आलेत."

सगळं टेबल हसलं. वेटर फडकं घेऊन बाबांच्या पायाशी बसला. बाबांनी पाय उचलून धरले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मित्रांपैकी एकानं विचारलं, "साहेब, तुम्हीपण तिकडचेच का?" त्यावर हा म्हणतो, "छे छे, आम्ही नाशिकचे."

बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. साखरपुड्याच्या दिवशी ह्याच माणसाच्या बापानं खर्डीच्या अंगणात वाकून अशाच तीन धारा सोडल्या होत्या. आम्ही दोघांनीही पाहिल्या होत्या. पण मुलगी दिलेल्या घरात बाप तोंड उघडत नाही. बाबांनी ग्लास टेबलावर ठेवला, आणि तो शेवटपर्यंत तसाच भरलेला राहिला.

त्यानंतर घरात मोहाची बाटली आली तरी माझ्यासमोर त्यांनी कधी ग्लास हातात धरला नाही. मी ओटीवर बसलेला दिसलो की बाटली तशीच कोनाड्यात परत जायची. बापाचा आनंद त्या हलकटानं हिरावून घेतला, याची मला इतकी चीड होती की रात्रीचं जेवण जायचं नाही. त्याला त्याच्याच मित्रांसमोर, व्हिस्कीच्याच टेबलावर तोंडघशी पाडायचं असं मी ठरवून टाकलं.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. मशीनचे सुटे भाग आणायला दोन-तीन महिन्यांनी पुण्याला जावं लागायचं. इतरांना ही कटकट वाटायची, मी मात्र ती मागून घेऊ लागलो. माळशेज चढून आळेफाट्याला गाडी बदलायची, दुपारी मालाचं काम उरकायचं, शिवाजीनगरच्या स्टँडजवळ लॉजमध्ये पिशवी टाकायची आणि संध्याकाळी बार शोधायला निघायचं. बहिणीला वाटायचं, भाऊ पुण्यात येतो आणि घरी येत नाही. ती रागवायची. तिला काय सांगणार!

सुरुवातीला फसलो. एका ठिकाणी इतके रंगीत दिवे की ग्लासातला रंगच कळेना. एका ठिकाणी बर्फाला सुरमईचा वास, कारण दोन्ही एकाच फ्रीजमध्ये. एका फार नावाजलेल्या जागी पेग आतूनच भरून यायचा, बाटलीचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. हळूहळू मला कळत गेलं. ग्लास कोरडा हवा. बाटली तुमच्यासमोर उघडायला हवी. पाणी वेगळं, बर्फ वेगळा, आणि वेटरला गिऱ्हाइकाला लवकर उठवायची घाई नको. बाबा मोहाची पारख करताना दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्यायचे. काही भेसळ केलेली असेल तर नाकाला लगेच कळायचं. मी व्हिस्कीलाही तेच करू लागलो. लोक बघायचे, म्हणून हात टेबलाखाली घेऊन करायचो.

शेवटी कॅम्पात एका जुन्या दगडी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मला माझा बार सापडला. लाकडी जिना, सहाच टेबलं, टीव्ही नाही, गालिचाही नाही. तिथला म्हातारा वेटर बाटली आणून आधी सील दाखवायचा. मी तळहात चोळतो हे त्यानंच पहिल्यांदा ओळखलं आणि म्हणाला, "शिकलात कुणाकडून?" मी सांगितलं, वडलांकडून. ओळख वाढत गेली. एकदा बोलता बोलता मी व्याह्याच्या त्या गालिच्याच्या बारचं नाव घेतलं. म्हातारा हसला. तिथे त्यानं पूर्वी काम केलं होतं.

"तिथं बाटली तेवढी विलायती," तो म्हणाला. "रिकाम्या झाल्या की मागच्या खोलीत परत भरतात. साहेब लोकांना लेबल बघून चढते."

त्या दिवशी मी दोन पेग जास्त घेतले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या गालिच्यावर जाऊन व्याह्याची लाडकी व्हिस्की मागवली आणि टेबलाखाली तळहात चोळला. म्हाताऱ्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं. हा मनुष्य आयुष्यभर भेसळ ढोसून आम्हाला मोहाची म्हणून हिणवत होता.

तरी मी थांबलो. बहीण त्याच घरात होती. पुढे ती आणि मेहुणे वेगळे राहायला गेले, त्यांची स्वतःची जागा झाली, तिला वाकडा शब्द बोलायची सासऱ्याची ताकद राहिली नाही. आणि मग त्याची एकसष्टी आली. मी तोंडात साखर घोळवून फोन केला, "मामा, घरचा कार्यक्रम तर होईलच. पण तुम्हाला आणि तुमच्या मित्रांना माझ्याकडून एक संध्याकाळ." तो लगेच तयार झाला.

तेच तिघे मित्र आले, केस पांढरे झालेले. व्याह्यानं लाकडी जिन्याकडे, उघड्या फरशीकडे नाक मुरडून पाहिलं. म्हाताऱ्या वेटरनं त्याच्यापुढे दोन ग्लास ठेवले. मी म्हणालो, "मामा, दोन्ही एकाच नावाच्या. यातली अस्सल कोणती ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

तो खुलला. ग्लास उजेडात धरून फिरवले, डोळे मिटून एकेक घोट घेतला, मित्रांना दोन शब्द शिकवले. मग डावा ग्लास उचलून म्हणाला, "ही अस्सल. ती दुसरी कुठली तरी गावठी आहे, तोंडात घेववत नाही."

म्हाताऱ्यानं नुकती उघडलेली बाटली सगळ्यांसमोर ठेवली. दुसरी, गावठी म्हटलेली, तिच्यातली होती. मी खिशातून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढली आणि सांगितलं की डाव्या ग्लासातली काल त्यांच्याच आवडत्या बारमधून यात भरून आणली आहे. तिथे बाटल्या कशा भरतात तेही सांगितलं, चवीचवीनं, काही न गाळता. मित्रांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जे हसत सुटले ते थांबेचनात.

व्याह्याचा हात ग्लासाला लागला. व्हिस्की टेबलावरून ओघळून त्याच्या मांडीवर गेली. या क्षणाची मी इतकी वर्षं उजळणी केली होती. "पुसून घ्या हो," मी वेटरला म्हणालो, "आमचे पाहुणे खर्डीच्या रानातून आलेत."

"खर्डी?" एका मित्रानं विचारलं. "साहेब, तुम्ही नाशिकचे ना?"

व्याही रुमालानं पँट पुसत राहिला. मला त्याची दया आली असं इथे लिहिलं तर शोभून दिसेल, पण आली नाही. म्हाताऱ्याला नमस्कार करून मी जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्याच व्हिस्कीची सीलबंद बाटली घेऊन घरी आलो. दुपार होती. बाबा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर बाटली फोडली, दोन ग्लास भरले आणि मीठमिरची लावून सगळं सांगितलं. मित्रांचं हसणं, ओली पँट, खर्डीचं नाव. सांगताना मीच दोनदा हसलो. बाबा शेंगा सोलत ऐकत होते.

माझं संपल्यावर म्हणाले, "लय बार फिरलास?"

"तीस-पस्तीस तरी."

"धार सोडलीस कुठं?"

गालिचा असो, फरशी असो, लोक बघतील म्हणून तळहातसुद्धा मी टेबलाखाली चोळत होतो. धारेचं तर मनातही आलं नव्हतं.

"नाय ना," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी त्यो हसला त्याचं मला काय नाय रे. त्यो परका. तू बी हसलास."

मी हसलो होतो. सगळं टेबल हसलं तेव्हा त्या टेबलावर मी होतो, आणि व्याह्याच्या मित्रांनी मला बाबांसारखा समजू नये म्हणून त्यांच्याहून मोठ्यानं हसलो होतो. माझ्यासमोर बाटली कोनाड्यात परत का जात होती ते मला तेव्हा कळलं.

बाबांनी त्यांचा ग्लास घेतला नाही. शेंगांचं सूप बाजूला ठेवून माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहत राहिले. मी वाकलो. सारवलेल्या जमिनीवर पहिली धार सोडली आणि आजोबांचं नाव घेतलं. दुसरी सोडली आणि विहिरीत गेलेल्या चुलत्यांचं घेतलं. तिसऱ्या धारेला ग्लास तिरका केला आणि हात तसाच थांबला. बाबा तिसरं नाव कुणाचं घेत होते, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.