मुळाशी थेंब

जगातल्या झाडून साऱ्या दुःखांवर ठिबक हाच उपाय आहे असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. भाऊंचं सारं आयुष्य जळगावात ठिबकच्या नळ्या तपासण्यात गेलेलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना काही मोकळं वाहताना बघवत नसे. वरण-बट्टीच्या पंगतीत वाढप्याने कुस्करलेल्या बट्टीवर भसाभस वरण ओतलं की यांचा जीव कासावीस व्हायचा. बोटाने खळगा करून ते वाढप्याला दाखवायचे, "इथं. मुळाशी." वाढपी चिडून पुढे जायचा आणि भाऊ बराच वेळ कोरडी बट्टी चघळत बसायचे.

दुसरी श्रद्धा मीटरवर. मातीची ओल मोजल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, तसं शरीर मोजल्याशिवाय घास घ्यायचा नाही. साखर निघाल्यावर त्यांनी दंडावर ती मोजणारी चकती चिकटवून घेतली. मग लग्नात जिलबीचा एक वेढा खायचा, मोबाइल बघायचा, पुढच्या वेढ्याचा विचार करायचा, असं चाले. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही आक्का म्हणायचो. तिच्या मनगटावर त्यांनी ठोके आणि पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. आक्का घराच्या ओट्याखाली उतरत नसे, पण कळण्याची भाकरी थापताना ते खुळं घड्याळ दर थापेला पाऊल समजायचं. भाऊंनी मला धुळ्याला फोन लावला. "मास्तर, तुमनी आक्का आज दोन हजार पावलं चालनी."

"कोठे?"

"परातमा."

मग आक्काच्या छातीत गाठ निघाली. पहिल्या औषधाने केस गेले, तोंड आलं, अन्न जाईना. भाऊ मला घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. "साहेब, हाई तं पाटनं पानी शे. गाठ एवढीशी, अन् पानी बठ्ठा वावरले, साऱ्या शेतले?" बाई हसल्या. म्हणाल्या, डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांत भरलेलं औषधही असतं, ते गाठीकडे जास्त पोचतं आणि बाकीच्या शरीराला त्रास थोडा कमी देतं.

"म्हणजे ठिबक," भाऊ म्हणाले.

"तसंच काहीसं, काका. पण थोडं इकडेतिकडे जातंच."

भाऊंनी 'ठिबक' तेवढं ऐकलं. पुढचं वाक्य मी ऐकलं होतं, आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरीही मीच ते विसरलो. याचा मला अजून राग येतो. आक्काला त्या नव्या औषधाचं सलाइन लागलं की भाऊ घड्याळ लावून मिनिटाचे थेंब मोजायचे, नळी चोक झाली म्हणून नर्सबाईंना हाका मारायचे. आक्काच्या डोक्यावर लव आली तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पुढच्या तपासणीत दुखणं यकृतात आणि हाडांत पसरलेलं निघालं. भाऊंनी विचारलं, "मूळ कोनतं आते?" बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आता एक मूळ राहिलं नाही, काका." घरी आक्काची पावलं आटत गेली, परात भिंतीला टेकली. घड्याळ मात्र ठोके ठीक दाखवत राहिलं. मी गेलो की भाऊ मला ते पुढे करून दाखवायचे, "ठोका बराबर शेतस." मी मान हलवायचो. दिवाळीच्या आत आक्का गेली.

परवा जळगावला गेलो तर भाऊ परातीपुढे बसलेले. मनगटावर आक्काचं घड्याळ. भाकरीच्या कडा फाटत होत्या. त्यांनी मोबाइल बघितला.

"एकशे चाळीस," ते म्हणाले. "ती दोन हजार चाले."

मी ताट ओढलं. पाटावर बसलो, भाकरी कुस्करली आणि भाऊंच्या सवयीप्रमाणे मधे खळगा करून ठेवला. भाऊंनी तिकडे बघितलंही नाही. पातेलं उचलून त्यांनी सरळ ताटभर वरण ओतलं. ते काठापर्यंत आलं तरी मी थांबा म्हणालो नाही. मग आम्ही दोघं जेवायला बसलो.